इंदिराराजेंनी ते पत्र लिहिलंच नसतं तर

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. घरात मराठी, गल्लीत गुजराती, आणि शाळेच्या वाटेवर लक्ष्मी विलास पॅलेसची भिंत. लहानपणी रिक्षा त्या भिंतीजवळून गेली की आज्जी हमखास सांगायची, "या घरातल्या मुलीनं स्वतःचं लग्न स्वतः मोडलं होतं बरं का." एवढंच. पुढे काय झालं, कुणाशी ठरलं होतं, का मोडलं, हे कधी सांगायची नाही, आणि मला वाटायचं की ही पण एक गोष्टच, राजकन्येची, जशा सगळ्या असतात तशी.

मग कॉलेजात असताना मला राजघराण्यांच्या लव्हस्टोऱ्यांचं वेड लागलं, त्यातही त्या "इतिहास वेगळा घडला असता तर" प्रकारातल्या. अमेरिकेत राजेशाही असती तर, वॉशिंग्टननं मुकुट घातला असता तर, आणि आज त्याच्या वंशातली विशीतली मुलगी गादीवर बसायची असती आणि तिला भलत्याच मुलावर प्रेम बसलं असतं तर... मी अशा गोष्टी रात्री जागून वाचल्यात. आणि यातली मजा म्हणजे कल्पनेला खरा धागा आहे. १७८२ च्या मे महिन्यात लुईस निकोला नावाच्या कर्नलनं वॉशिंग्टनला खरंच पत्र पाठवून राजेशाहीची कल्पना सुचवली होती, आणि वॉशिंग्टननं त्याच दिवशी उत्तर लिहून त्याला झाडलं होतं. म्हणजे सगळं एका पत्रावर अडलेलं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आज्जीचं वाक्य परत आलं, कारण आमच्या बडोद्याचं पण एक पत्र आहे.

आपल्याकडे "असं झालं असतं तर" म्हटलं की गाडी पानिपतावर जाते. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर. मी पण हेच ऐकत मोठी झाले आणि त्यात वाईट काही नाही, पण मला नेहमी वाटतं की त्यात मुली कुठेच नसतात, असल्या तर सती जायला असतात. आणि इथे, माझ्याच गावात, एका एकोणीस वर्षांच्या मुलीनं एक कागद लिहिला आणि त्या कागदानं हिंदुस्तानच्या पुढच्या शंभर वर्षांच्या राजकारणातली माणसं बदलली. हे मी वाढवून सांगत नाहीये, खाली सांगते सगळं.

तर इंदिराराजे गायकवाड. जन्म १८९२ चा, सयाजीराव महाराज आणि चिमणाबाईंची एकुलती एक मुलगी, बाकी सगळे भाऊ. (मी इथून पुढे तिला "ती" म्हणणार आहे, आदर कमी म्हणून नाही, एकोणीस वर्षांच्या मुलीला मी अहोजाहो करून लिहायला लागले की ती माझ्यापासून लांब जाते.) बाप कोण तर कवळाण्याच्या साध्या घरातून दत्तक येऊन गादीवर बसलेला माणूस, ज्यानं १९०४ मध्ये संस्थानात बालविवाहाविरुद्ध कायदा केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींना पण. त्यामुळे ही शिकली, कॉलेजचं तोंड पाहिलं, परदेश पाहिला. आणि तिचं लग्न ठरलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. ती एकोणीसची, ते पस्तिशीचे, पहिली राणी घरात होती, मूलबाळ नव्हतं, म्हणून दुसरं लग्न. म्हणजे सवतीवर दिलेली मुलगी. आणि ग्वाल्हेरला पडदा कडक, बडोद्याच्या मोकळ्या वातावरणातून थेट जनान्यात. पण मराठ्यांची दोन सर्वात मोठी घराणी, गायकवाड आणि शिंदे, याहून तोलामोलाचं स्थळ कुठून आणणार, तयारी सुरू झाली होती.

डिसेंबर १९११. दिल्ली दरबार, पंचम जॉर्ज आलेले, झाडून सगळी संस्थानं तंबू ठोकून बसलेली. या दरबारात सयाजीरावांचं प्रकरण झालं ते बऱ्याच जणांना माहीत असतं, बादशहासमोर एकदाच वाकले आणि पाठ फिरवून निघाले म्हणून इंग्रजी पेपरांनी केवढा गवगवा केला. पण त्याच दिल्लीत, त्याच दिवसांत, त्यांच्या मुलीचं कूचबिहारच्या जितेंद्र नारायणवर मन जडलं. जितेंद्र म्हणजे कूचबिहारच्या महाराजांचा धाकटा भाऊ, म्हणजे गादी पण नाही, बंगाली, आईचे वडील ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन, म्हणून घर पण ब्राह्मो समाजी, आणि घरच्या पोरांची ख्याती पार्ट्या आणि दारूची. संस्थानाचा मान तोफांच्या सलामीवरून मोजायचे, बडोद्याला २१ तोफा, कूचबिहारला १३. त्या काळात हे आकडे लोकांच्या जिभेवर असायचे.

आणि मग तिनं जे केलं ते मी कितीही वेळा वाचलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. आईबापांना न सांगता, कुणाला मध्ये न घालता, तिनं स्वतः माधवरावांना पत्र लिहिलं की मला हे लग्न करायचं नाही. घरात कुणालाच पत्ता नाही. बडोद्यात लग्नाची गडबड चालू आणि ग्वाल्हेरहून सयाजीरावांना तार आली, एका ओळीची, की राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय समजायचा. तिच्या मुलीनं, गायत्रीदेवींनी, आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितलाय. आई, वडील, हातात तार, आणि समोर उभी मुलगी. १९११ साली. मला त्या खोलीत उभं राहून बघायचंय एकदा.

यात मला सगळ्यात जास्त टोचते ती चिमणाबाईंची जागा. त्याच १९११ साली त्यांचं हिंदुस्तानातल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दलचं इंग्रजी पुस्तक छापून आलं होतं. आणि घरात मुलीनं स्वतःचं ठरवलं तर त्यांनी कडाडून विरोध केला, भेटायची बंदी, पहारा, सगळं. आधी मला त्यांचा राग यायचा. आता येत नाही. दरबाराच्या प्रकरणानं बडोद्यावर इंग्रजांची वक्रदृष्टी, त्यात ग्वाल्हेरसारखं स्थळ मोडलेलं, आणि मुलगी म्हणते धाकट्या राजपुत्राशी लग्न करते जिथे गादी नाही आणि जातपात पण वेगळी, अशा वेळी पुस्तकातली चिमणाबाई आणि आई असलेली चिमणाबाई एकाच बाईत राहायच्या आणि दोघींचं पटत नव्हतं. माझ्या लिखाणात हे पात्र मला सगळ्यात जास्त वेळ खातंय.

दोन वर्षं हे चाललं. शेवटी १९१३ मध्ये लंडनमध्ये लग्न झालं, माहेरचे आईवडील आले नाहीत. (त्याच १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. म्हणजे एका परक्या घरच्या मुलासाठी दार उघडणारा माणूस त्याच वर्षी स्वतःच्या मुलीच्या लग्नाला गेला नाही. मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बराच वेळ बसले होते.) लग्नानंतर थोड्याच दिवसांत जितेंद्रचा थोरला भाऊ वारला आणि जितेंद्र महाराज झाले. पाच मुलं झाली. आणि १९२२ च्या डिसेंबरात जितेंद्र गेले, छत्तिसाव्या वर्षी, दारूनंच. ती तिशीत विधवा, पाच मुलं, आणि लहान मुलाच्या वतीनं राज्याचा कारभार. पुढे पांढऱ्या शिफॉनच्या साड्यांची फॅशन तिनं आणली, इटलीत साल्वातोरे फेरागामोकडून शंभराहून जास्त बुटांचे जोड करवून घेतले, हे सगळं लोक आवडीनं सांगतात, मला ते ठीक वाटतं पण माझं मन त्यात अडकत नाही.

आता माझं लिखाण. गेले आठ महिने मी एक कादंबरी लिहितेय, मोबाईलवर, नोट्समध्ये, ऑफिसच्या बसमध्ये, आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर एकेक प्रकरण टाकतेय. पहिल्यांदा ठरवलेलं की हीच लव्हस्टोरी लिहायची, नावं बदलून. तीन प्रकरणं लिहिली आणि लक्षात आलं की खऱ्या इतिहासात प्रेम जिंकलंय! मग "वेगळा इतिहास" कुठला? तर जिथे तिनं पत्र लिहिलं नाही तो. बाकी सगळीकडे कल्पनेत नायिका बंड करते आणि वास्तवात बिचारी गप्प बसलेली असते. इथे उलटं आहे. बंड ही घडलेली गोष्ट आहे, आणि मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहिलेली मुलगी मला कल्पनेनं उभी करायचीय.

सांगते, फार अवघड आहे. कारण ज्या मुलीनं ते पत्र लिहिलं ती पत्र न लिहिणारी कशी होईल? मी तिला भित्री करू शकत नाही, ती भित्री नव्हतीच. मग मी एवढंच केलं, की ती पत्र लिहिते, घडी घालते, आणि त्याच संध्याकाळी दरबारातून वडील परत येतात, चेहरा उतरलेला, बाहेर इंग्रज अधिकाऱ्यांची कुजबुज, आणि ती विचार करते की आज नको, आज बाबांवर अजून एक घाव नको, उद्या पाठवू. आणि तो उद्या येत नाही. भीतीपोटी नाही, मायेपोटी. आपल्याकडच्या किती मुलींची पत्रं अशी मायेपोटी राहिली असतील. हे प्रकरण टाकलं त्या रात्री ग्रुपवर एका मैत्रिणीनं फक्त "माझं पण" एवढंच लिहिलं आणि नंतर कुणी काही बोललंच नाही.

दुसरी अडचण माधवराव. अशा कथांमध्ये ठरवलेला नवरा नेहमी एक तर दुष्ट असतो नाही तर मठ्ठ, म्हणजे वाचणाऱ्याला सोपं जातं. माधवराव दोन्ही नव्हते. आगगाड्यांचं प्रचंड वेड असलेला माणूस, ग्वाल्हेरची ती छोट्या रुळांची रेल्वे त्यांच्याच घराण्याची, आणि जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची छोटी आगगाडी धावायची, डब्यांवर दारूच्या बाटल्या आणि सिगार, पाहुण्यानं बाटली उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की पुढे निघायची. ही गाडी अजून आहे, ग्वाल्हेरला गेलात तर बघा. ज्या माणसाला असलं खेळणं सुचतं किंवा आवडतं त्याला मी खलनायक करणार नाही, मला जमणारच नाही.

तर माझ्या कादंबरीत ती लग्न होऊन ग्वाल्हेरला येते, पडद्यात. वरच्या मजल्यावरच्या जाळीतून ती मेजवानी बघते, खाली साहेबलोक बसलेत आणि ती गाडी गोल फिरतेय, कुणी हात लावला की थांबते. तिला त्या गाडीची कीव येते. आणि मग एका रात्री, सगळे झोपल्यावर, रिकाम्या दालनात तो तिच्यासाठी एकटीसाठी गाडी चालू करतो आणि डब्यांत बाटल्यांच्या जागी तिनं बडोद्याहून आणलेली पुस्तकं ठेवलेली असतात. हे माझ्या मनातलं आहे, असं काही घडलेलं नाही, पण मला हा प्रसंग लिहिताना पहिल्यांदा वाटलं की आपण प्रेमकथा लिहितोय.

आणि अजून एक गोष्ट, जी मला लिहितानाच कळली, आधी कुठेच वाचली नव्हती. मराठीत प्रेम कुठपर्यंत आलंय हे संबोधनावरून कळतं ना. आधी "आपण", मग "तुम्ही", मग कधीतरी चुकून तोंडातून निसटलेलं "तू", आणि मग दोघंही गप्प. अख्खी लव्हस्टोरी या तीन शब्दांत मावते. पण इंदिरा आणि जितेंद्र? ती मराठी, तो बंगाली, दोघंही इंग्लंड पाहिलेले, म्हणजे एकमेकांशी बहुतेक इंग्रजीतच बोलत असणार. तिथे सगळं एकाच "यू"मध्ये. तिथे चुकून "तू" निसटायला जागाच नाही! आणि ज्याच्याशी ती आपल्या भाषेत बोलली असती, भांडली असती, रुसली असती, तो ग्वाल्हेरचा. म्हणजे तिची खरी प्रेमकथा मराठीत लिहायची तर मला भाषांतर करत बसावं लागतं, आणि न घडलेली कथा मात्र आपणहून मराठीत येते, दरबारी मराठी, आईसाहेब, सरकार, मुजरा, आणि मग रात्री दार लावल्यावर हळू आवाजातली साधी मराठी. मी माधवरावांच्या तोंडी पहिलं "तू" सोळाव्या प्रकरणात घातलंय. त्याच्या आधी घालावंसं खूपदा वाटलं, आवरलं.

आता त्या शंभर वर्षांचं. मी वहीत दोन झाडं काढलीयत, एक घडलेलं आणि एक न घडलेलं. घडलेल्यात माधवरावांनी पुढे गजराराजेंशी लग्न केलं, कमलाराजे झाल्या आणि १९१६ मध्ये जिवाजीराव झाले, दोघांच्या नावांच्या पुढे इंग्रज राजाराणीची नावं, मेरी आणि जॉर्ज. जिवाजीरावांचं लग्न विजयाराजेंशी. विजयाराजे म्हणजे १९६७ मध्ये मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पाडणाऱ्या, पुढे १९८० मध्ये भाजपच्या स्थापनेत असलेल्या राजमाता. त्यांचा मुलगा माधवराव, ज्यांनी १९८४ मध्ये ग्वाल्हेरला अटलबिहारी वाजपेयींना हरवलं आणि रेल्वेचे राज्यमंत्री असताना १९८८ मध्ये पहिली शताब्दी एक्सप्रेस सुरू केली. (आजोबांची चांदीची गाडी आणि नातवाची शताब्दी. मी हे जोडल्याशिवाय राहूच शकले नाही.) विजयाराजेंची मुलगी वसुंधराराजे, राजस्थानच्या माजी मुख्यमंत्री. ती चिठ्ठी गेली नसती तर कमलाराजेंपासून पुढे या घरात जन्मलेलं एकही माणूस जगात आलं नसतं.

आणि दुसरी फांदी, कूचबिहारची. गायत्रीदेवी, जन्म १९१९, लंडनचा. त्यांना जयपूरच्या सवाई मानसिंगांशी लग्न करायचं होतं, ज्यांच्या आधीच दोन राण्या होत्या, आणि नको नको म्हणत विरोध कुणी केला? इंदिराराजेंनी. जी दुसरी राणी व्हायला तयार नव्हती तिची मुलगी हट्टानं तिसरी राणी झाली, १९४० मध्ये. मला इथे इंदिराराजेंची जेवढी दया येते तेवढी वैधव्यात पण येत नाही. आपल्या आईच्या जागी आपण येऊन उभ्या आहोत हे कळलं असेल ना त्यांना. पुढे गायत्रीदेवी "स्वतंत्र" नावाच्या पक्षाकडून १९६२ ला जयपुरातून उभ्या राहिल्या आणि पडलेल्या सुमारे २,४६,५०० मतांपैकी १,९२,९०९ त्यांना, गिनीज बुकात नोंद झालेला विजय.

आणि मग १९७५. आणीबाणी. तिहार जेलमध्ये गायत्रीदेवी, आणि थोड्याच दिवसांत तिथेच आणून ठेवलेल्या ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे. एक त्या पत्र लिहिणाऱ्या मुलीची मुलगी. दुसरी, ज्याला ते पत्र मिळालं त्याची सून. चौसष्ट वर्षांनी एका जेलच्या आवारात, शेजारीशेजारी. दोघींनाही माहीत असणारच ते पत्र, घरात गोष्ट म्हणून ऐकलेलं. त्यांच्यात त्यावर कधी बोलणं झालं का? उकाडा, डास, भिंती, संध्याकाळी काय बोलत असतील?

मी न घडलेल्या इतिहासाची कादंबरी लिहितेय आणि त्यात हा प्रसंग येऊच शकत नाही, कारण त्या जगात दोघीही तिथे नाहीत. गायत्रीदेवी जन्मल्याच नाहीत आणि विजयाराजे ग्वाल्हेरच्या सूनच झाल्या नाहीत. त्या कोठड्यांत दुसऱ्या कुणी बायका असतील. दोन आठवडे मी यावर अडले होते, मग काल रात्री ठरवलं की शेवटचं प्रकरण त्या घडलेल्या जगात न्यायचं, फक्त एवढं एकच. जेलची संध्याकाळ, दोन बायका, एकीनं विचारायचं, "तुमच्या आईंनी त्या पत्रात नेमकं लिहिलं तरी काय होतं हो?"

उत्तर अजून लिहिलेलं नाही. आज बसमध्ये बसून बघते.